प्रवाहाचा विस्तव आणि संमीलनाचा हिशेब

जुलै २०२४ मध्ये फ्रान्सच्या दक्षिण भागातील कादाराश येथून एक निवेदन प्रसृत झाले. भारत, चीन, जपान, दक्षिण कोरिया, रशिया, अमेरिका आणि युरोपीय संघ अशा सात भागीदारांच्या पैशातून तेथे 'ईटर' नावाची जी प्रचंड अणुसंमीलन भट्टी उभी राहात आहे, तिच्यातील संशोधनास आता २०३४ पूर्वी प्रारंभ होणार नाही आणि ड्यूटेरियम व ट्रिटियम हे खरे इंधन तीत २०३९ पूर्वी घातले जाणार नाही, असे त्या निवेदनाचे तात्पर्य होते. आधीच्या वेळापत्रकाप्रमाणे या भट्टीतील पहिला प्लाझ्मा २०२५ मध्ये निर्माण व्हावयाचा होता. विलंबाची कारणेही सांगण्यात आली. निर्वात पात्राच्या काही भागांची मापे जुळली नाहीत, उष्णतारोधक कवचाच्या शीतनलिकांना तडे गेले, आतील भिंतीसाठी बेरिलियमऐवजी टंगस्टन वापरण्याचे ठरले. ही कारणे खरीच आहेत; परंतु ती एका दशकाची कारणे आहेत. संमीलनाची वीज गेली सत्तर वर्षे 'आणखी वीस-तीस वर्षांनी' मिळावयाची आहे, याचे कारण त्याहून जुने आहे, आणि शाळेत विजेचा धडा ज्याने लक्षपूर्वक वाचला आहे त्याला ते समजण्यास अडचण पडू नये.

विजेच्या शेगडीतील तार ज्या नियमाने तापते, त्याच नियमाने या भट्टीतील प्लाझ्माही प्रथम तापविला जातो. वाहकातून विद्युत्प्रवाह जाऊ लागला की वाहकाचा रोध त्याला अडवितो, आणि प्रवाहाच्या वर्गाशी व रोधाशी प्रमाणात राहून उष्णता उत्पन्न होते. जेम्स ज्यूलने हे १८४० च्या सुमारास दाखवून दिले. वायू पुरेसा तापला की त्याच्या अणूंतील इलेक्ट्रॉन सुटे होतात. हे सुटे इलेक्ट्रॉन आणि उघडी पडलेली अणुकेंद्रे यांचे जे मिश्रण उरते तो प्लाझ्मा होय, आणि तो विजेचा उत्तम वाहक असतो. ड्यूटेरियम व ट्रिटियम ही हायड्रोजनची दोन भावंडे. त्यांची अणुकेंद्रे एकमेकांत विलीन झाली तर विपुल ऊर्जा बाहेर पडते. पण दोन्ही धनभारित असल्यामुळे ती परस्परांना दूर लोटतात. हा दुरावा मोडून ती एकमेकांवर आदळावीत एवढा वेग त्यांना यावयाचा, तर तापमान दहा ते पंधरा कोटी अंश सेल्सिअस असावे लागते. सूर्याच्या गाभ्यात दीड कोटी अंशांवर भागते, कारण तेथे सूर्याचे स्वतःचेच वजन दाब देत असते आणि घाई कोणालाच नसते.

एवढ्या तप्त पदार्थाला कोणतेही भांडे पुरत नाही म्हणून त्याला चुंबकीय क्षेत्रात अधांतरी धरावे लागते. यासाठी मेदूवड्याच्या आकाराचे पोकळ पात्र वापरण्याची जी कल्पना आंद्रेई सखारोव्ह आणि इगोर टाम या रशियन शास्त्रज्ञांनी १९५० च्या सुमारास मांडली, तिचे नाव टोकामॅक. त्यात प्रवाह कसा सोडतात हे पाहण्यासारखे आहे. गावाबाहेरच्या खांबावरील रोहित्रात तारेची दोन वेटोळी असतात आणि एकातील प्रवाह बदलला की दुसऱ्यात विद्युत्दाब उत्पन्न होतो. टोकामॅक हे मुळात एक रोहित्रच आहे. पहिले वेटोळे वड्याच्या मधल्या भोकात उभे असते; दुसरे वेटोळे म्हणजे खुद्द प्लाझ्माचे कडे, एकाच फेऱ्याचे आणि तारेवाचूनचे. कोणतेही टोक कोठे जोडावे लागत नाही. दाबही किती थोडा लागतो! तीस लाख अँपिअरचा प्रवाह एका व्होल्टने, म्हणजे विजेरीतील एका सेलपेक्षाही कमी दाबाने, वाहात असेल तर तीन मेगावॅट उष्णता थेट प्लाझ्माच्या पोटात निर्माण होते. शिवाय हाच प्रवाह स्वतःभोवती चुंबकीय क्षेत्र उभे करून प्लाझ्माला आवळून धरण्यासही मदत करतो. एकाच खर्चात तापविणेही होते आणि सांभाळणेही होते. हिशेबी माणसाला मोह पडावा अशीच ही काटकसर आहे, आणि तो मोह पडलाही.

घात होतो तो यापुढे. धातूची तार तापली की तिचा रोध वाढतो. जुन्या पिवळ्या दिव्यातील टंगस्टनच्या तंतूचा रोध पेटल्यावर थंड स्थितीच्या दसपटीहून अधिक होतो. प्लाझ्माची रीत नेमकी उलटी. इलेक्ट्रॉन अणुकेंद्राजवळून जाताना त्याच्या ओढीने वळतो आणि आपली गती गमावतो, हाच प्लाझ्मातील रोध. पण इलेक्ट्रॉन जितका भरधाव, तितका तो अणुकेंद्राजवळ कमी वेळ रेंगाळतो आणि तितका कमी अडतो. जलद गाडीला लहान स्थानके जशी जाणवत नाहीत तसे काहीसे. लायमन स्पिट्झर या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सूत्रानुसार तापमान चौपट झाले की रोध एक-अष्टमांश उरतो आणि दसपट झाले की सुमारे बत्तिसाव्या हिश्शावर येतो. एक-दीड कोटी अंशांच्या आसपास हायड्रोजनचा प्लाझ्मा तांब्याइतका सुवाहक झालेला असतो. आणि शेगडीची तार तांब्याची कोणी करीत नाही.

अर्थशास्त्राच्या वर्गात घटत्या फलाचा नियम शिकविताना एकाच शेतात मजूर वाढवीत नेण्याचे उदाहरण देण्याची प्रथा आहे. प्रत्येक नव्या मजुरामागे पीक वाढते, पण आधीच्याहून कमी वाढते. येथे स्थिती त्याहून कठीण आहे, कारण प्रत्येक यश पुढील यशाचे साधनच हिरावून घेते. प्लाझ्मा तापला म्हणूनच तो पुढे तापविणे अवघड झाले. दुसऱ्या बाजूने चुंबकीय कुंपणातून उष्णतेची गळती चालूच असते, आणि भिंतीवरून निघालेल्या जड अणूंची थोडी भेसळ झाली तरी ते प्रकाशरूपाने ऊर्जा उधळू लागतात. आवक घटत जाते, जावक थांबत नाही. सामान्य टोकामॅकमध्ये केवळ प्रवाहाच्या जोरावर ही तोंडमिळवणी दोन-तीन कोटी अंशांच्या पलीकडे होत नाही.

मग प्रवाहच का वाढवू नये, असा प्रश्न कोणीही विचारील. उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, तेव्हा रोध घटला तरी प्रवाह वाढवून भरपाई करता यावी. परंतु त्यालाही मर्यादा आहे. दिलेल्या चुंबकीय क्षेत्रात प्रवाह विशिष्ट प्रमाणाबाहेर गेला की प्लाझ्माचे कडे पिळवटून सर्पासारखे वळवळू लागते आणि काही सहस्रांश सेकंदांत भिंतीवर कोसळून विझते. मार्टिन क्रस्कल आणि व्हिताली शाफ्रानोव्ह यांनी ही मर्यादा पन्नासच्या दशकातच गणिताने दाखविली होती. ती वर ढकलावयाची तर चुंबक अधिक बलवान हवेत. ब्रुनो कोप्पी या इटालियन वंशाच्या शास्त्रज्ञाने हाच मार्ग धरला. मॅसॅच्युसेट्समधील 'अल्काटोर' यंत्रे ही त्याच विचाराची अपत्ये. 'इग्निटर' नावाच्या त्याच्या आराखड्यात तर अतितीव्र चुंबकीय क्षेत्रात मुख्यतः प्रवाहाच्याच उष्णतेने प्लाझ्मा स्वयंज्वलनापर्यंत नेण्याचा संकल्प होता. आराखडा अनेक वर्षे चर्चेत राहिला. यंत्र उभे राहिले नाही.

हा सगळा तपशील ज्यांना केवळ शास्त्रीय वाटेल त्यांनी संमीलनाच्या आश्वासनांचा इतिहास पाहावा. ऑगस्ट १९५५ मध्ये जिनिव्हा येथे अणुशक्तीच्या शांततामय उपयोगांसंबंधीची संयुक्त राष्ट्रांची परिषद भरली, तेव्हा अध्यक्षपदावरून डॉ. होमी भाभा यांनी येत्या दोन दशकांत संमीलनाची ऊर्जा नियंत्रित रीतीने मुक्त करण्याची पद्धत सापडेल असे भाकीत केले. भाभांसारख्या सावध वैज्ञानिकाने हे म्हणावे, यावरून त्या वेळचे वातावरण लक्षात येते. जानेवारी १९५८ मध्ये इंग्लंडमधील हार्वेल येथील 'झीटा' या यंत्रातून न्यूट्रॉन बाहेर पडत असल्याचे जाहीर झाले. तापमान पन्नास लाख अंश सांगण्यात आले आणि ते न्यूट्रॉन संमीलनाचेच असल्याची आपली नव्वद टक्के खात्री आहे, असे सर जॉन कॉक्रॉफ्ट यांनी पत्रकारांना सांगितले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात तो दावा मागे घ्यावा लागला. न्यूट्रॉन खरे होते. पण ते प्लाझ्मा सर्वांगाने तापल्यामुळे निघालेले नव्हते, अस्थिर प्लाझ्मात काही मोजक्या कणांना मिळालेल्या हिसक्यांतून निघालेले होते.

दहा वर्षांनी याच्या उलट घडले. ऑगस्ट १९६८ मध्ये नोव्होसिबिर्स्क येथील परिषदेत लेव्ह आर्त्सिमोविच यांनी मॉस्कोच्या 'टी-३' टोकामॅकमध्ये सुमारे एक कोटी अंशांपर्यंत मजल गेल्याचे सांगितले, तेव्हा पाश्चात्त्यांचा त्यावर विश्वास बसेना. आर्त्सिमोविच यांनी वाद घातला नाही. तुम्हीच येऊन मोजा, असे आमंत्रण दिले. शीतयुद्ध ऐन भरात असताना इंग्लंडमधील कल्हॅम प्रयोगशाळेचे पथक सुमारे पाच टन उपकरणे घेऊन मॉस्कोला गेले आणि १९६९ मध्ये लेसर किरणांच्या साहाय्याने मापन करून रशियनांचा आकडा बरोबर असल्याचे त्याने जगाला कळविले. मोजणी प्रतिस्पर्ध्याच्या हाती सोपविण्याचे हे धैर्य विज्ञानाच्या इतिहासात वारंवार दिसत नाही. लगोलग प्रिन्स्टनने आपले जुने यंत्र पालटून १९७० मध्ये त्याचा टोकामॅक केला. येथे लक्षात ठेवावयाचे ते हे की, टी-३ मधील ती उष्णता निव्वळ विद्युत्प्रवाहाची होती. पहिले एक कोटी अंश त्या स्वस्त विस्तवाने मिळवून दिले आणि उरलेले नऊ-दहा कोटीही तसेच मिळतील असा समज पुष्कळांच्या, विशेषतः निधी मंजूर करणाऱ्यांच्या, मनात राहिला. संमीलनाचा खरा खर्च ज्या ठिकाणी सुरू होतो, त्या ठिकाणापर्यंत येऊन पोचल्याचाच उत्सव झाला.

त्यापुढील चढण दोन मार्गांनी चढली गेली. पहिला, वेगवान अणूंचा मारा. कणांना प्रथम भारित करून प्रचंड दाबाने वेग द्यावयाचा, मग त्यांचा भार काढून घ्यावयाचा, म्हणजे चुंबकीय कुंपण त्यांना अडवीत नाही. आत शिरून ते आपली ऊर्जा प्लाझ्माला देतात. या पद्धतीने प्रिन्स्टनच्या 'पीएलटी' यंत्राने १९७८ मध्ये सहा कोटी अंश गाठले. दुसरा मार्ग विद्युच्चुंबकीय लहरींचा, स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्ह भट्टीचाच. फक्त ईटरसाठी ठरलेल्या एका प्रकारच्या लहरींची कंप्रता घरच्या भट्टीच्या जवळजवळ सत्तरपट आहे. ईटरमध्ये अणूंच्या माऱ्यासाठी दहा लाख व्होल्टचा दाब लागणार आहे. एका व्होल्टवर चालणाऱ्या तापविण्याकडून दहा लाख व्होल्टच्या तापविण्याकडे जाणे, या एका वाक्यात अणुसंमीलनाच्या खर्चाची बरीचशी कथा सामावली आहे. शिवाय रोहित्राचा आणखी एक दोष आहे. पहिल्या वेटोळ्यातील प्रवाह बदलत राहील तोवरच दुसऱ्यात प्रवाह टिकतो, आणि तो एकाच दिशेने अखंड वाढविता येत नाही. त्यामुळे प्लाझ्मातील प्रवाह दीर्घकाळ राखण्यासही लहरींचेच साहाय्य घ्यावे लागते. २०२५ च्या प्रारंभी चीनच्या 'ईस्ट' यंत्राने १,०६६ सेकंद आणि फ्रान्सच्या 'वेस्ट'ने १,३३७ सेकंद प्लाझ्मा टिकविला, तो याच साहाय्याने.

या खर्चाच्या तुलनेत मिळकत किती, हे वृत्तपत्री मथळ्यांवरून कळणे कठीण. इंग्लंडमधील 'जेट' या टोकामॅकने ऑक्टोबर २०२३ मध्ये ६९ मेगाज्यूल ऊर्जा निर्माण करून विक्रम केला. घरगुती वीजबिलाच्या भाषेत ही ऊर्जा १९ युनिट होते, आणि तीही विजेच्या नव्हे, उष्णतेच्या रूपात. याच यंत्राने १९९७ मध्ये बाहेरून दिलेल्या २४ मेगावॅट उष्णतेच्या बदल्यात क्षणभर १६ मेगावॅट परत दिले होते. परंतु त्या २४ मेगावॅटमध्ये चुंबकांना लागणारी वीज धरलेली नव्हती. ती शेकडो मेगावॅटच्या घरात होती आणि तिच्यासाठी ७७५ टनांची दोन अवजड चक्रे आधी फिरवून ऊर्जा साठवून ठेवावी लागे. डिसेंबर २०२२ मध्ये कॅलिफोर्नियातील लेसर प्रयोगात घातलेल्या २.०५ मेगाज्यूलमधून ३.१५ मेगाज्यूल निघाले, म्हणून जगभर जयघोष झाला. निघालेली ऊर्जा एका युनिटहून कमी होती. लेसर चालविण्यासाठी तारांतून घेतलेली वीज सुमारे ३०० मेगाज्यूल, म्हणजे ८३ युनिट होती. यात फसवणूक आहे असे नव्हे. शास्त्रज्ञांना प्लाझ्मापुरता हिशेब हवा असतो आणि त्यांच्या दृष्टीने तो योग्यच आहे. मात्र एखाद्या दुकानदाराने मालाची खरेदी आणि विक्री मांडावी व जागेचे भाडे, नोकरांचे पगार वहीत धरूच नयेत, तर त्याला नफा झाला असे कोणताही कारकून म्हणणार नाही. ईटरचे ध्येय ५० मेगावॅट उष्णता देऊन ५०० मेगावॅट मिळविण्याचे आहे. तेही याच वहीतील आकडे. ऐन प्रयोगाच्या वेळी त्या संकुलाची विजेची गरज काही सेकंदांपुरती ६२० मेगावॅटपर्यंत जाणार आहे, आणि तेथे वीज निर्माण करणारे जनित्र बसविण्याची योजनाच नाही.

तरीही दसपटीच्या त्या आकड्याचे मोल निराळे आहे. ड्यूटेरियम-ट्रिटियमच्या मीलनातून निघणाऱ्या ऊर्जेचा चार-पंचमांश भाग न्यूट्रॉन घेऊन जातो. उरलेला एक-पंचमांश हेलियमच्या केंद्राकडे राहतो, आणि ते भारित असल्यामुळे कुंपणाच्या आतच राहून प्लाझ्माला तापविते. ५०० मेगावॅटचा पाचवा हिस्सा १०० मेगावॅट, म्हणजे बाहेरून दिलेल्या उष्णतेच्या दुप्पट. धंदा प्रथमच उसन्या भांडवलाहून अधिक स्वतःच्या मिळकतीवर चालणार, असा तो टप्पा आहे. एवढ्या मोठ्या प्रमाणावर आणि मिनिटेच्या मिनिटे तो कोणीही पाहिलेला नाही. तो पाहण्यासाठी पैसे खर्चणे गैर नाही.

भारताचा या खर्चातील वाटा सुमारे नऊ टक्के असून तो बहुतांशी वस्तुरूपाने द्यावयाचा आहे. २००५ च्या डिसेंबरात आपण या प्रकल्पात दाखल झालो. संपूर्ण यंत्राला कवेत घेणारे सुमारे ३,८५० टनांचे शीतपात्र गुजरातमधील हाजिरा येथे तयार झालेल्या भागांतून तेथे जोडले गेले. लहरींनी तापविण्याच्या यंत्रणेतील शक्तिस्रोतही आपणच पुरवावयाचे आहेत. निर्यातीच्या कंत्राटाप्रमाणे याकडे पाहिले तर सौदा वाईट नाही. परंतु पोलादी पात्र घडविता येणे आणि प्लाझ्मा हाताळता येणे या दोन वेगळ्या विद्या आहेत. दुसऱ्या विद्येचे बीज अहमदाबादेत १९८२ मध्ये पेरले गेले, १९८६ मध्ये गांधीनगरजवळ प्लाझ्मा संशोधन संस्था स्वतंत्रपणे उभी राहिली आणि प्रेधिमन कृष्ण काव यांच्या नेतृत्वाखाली १९८९ मध्ये 'आदित्य' हा पहिला भारतीय टोकामॅक चालू झाला. पाऊण मीटर त्रिज्येचे ते लहानसे यंत्र मुख्यतः प्रवाहाच्याच उष्णतेवर चाले. अतिवाहक चुंबकांच्या 'एसएसटी-१' मध्ये पहिला प्लाझ्मा २०१३ मध्ये दिसला आणि आदित्यचे सुधारित रूप २०१६ मध्ये कार्यान्वित झाले. जगातील मोठ्या यंत्रांपुढे ही पावले लहान आहेत. पण परक्या भट्टीचे सुटे भाग पुरविणाऱ्या देशाला पुढे स्वतःची भट्टी कधी काळी बांधावयाची असेल, तर ती बांधणारी माणसे याच पावलांतून यावयाची आहेत.

सौर पट्ट्यांची वीज दिवसेंदिवस स्वस्त होत असताना हा खटाटोप कशाला, हा आक्षेप वजनदार आहे आणि त्याला उडवाउडवीचे उत्तर देण्यात अर्थ नाही. २०३९ मध्ये ज्याचे खरे प्रयोग सुरू व्हावयाचे, त्या तंत्राची वीज त्यानंतर कित्येक वर्षे कोणाच्या दारी येणार नाही. २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचा जो संकल्प आपण २०२१ मध्ये सोडला, त्याच्या हिशेबात संमीलनाला तूर्त एक पैशाचीही जमा धरू नये. अमेरिकेत नव्या अतिवाहक चुंबकांच्या बळावर लहान आकाराचे टोकामॅक बांधण्यासाठी खाजगी भांडवल पुढे आले आहे, आणि त्यांच्या तारखा ईटरच्या पुष्कळ अलीकडच्या आहेत. चुंबकांतील प्रगती खरी आहे. तारखांकडे मात्र १९५५ व १९५८ ध्यानात ठेवूनच पाहिले पाहिजे. संमीलनाला ऊर्जाखात्याच्या वहीत न मांडता शिक्षणाच्या आणि संशोधनाच्या वहीत मांडले, तर आजचा खर्च समर्थनीय ठरतो, आणि त्याच वहीत आणखी थोडा खर्च वाढविणेही.

तो कोठे वाढवावा याचे उत्तर प्राग शहरात सापडते. तेथील चेक तांत्रिक विद्यापीठात 'गोलेम' नावाचा एक छोटा टोकामॅक आहे. साठच्या दशकाच्या प्रारंभी तो मॉस्कोत बांधला गेला, १९७७ मध्ये प्रागला आला आणि मोठ्या यंत्रांपुढे निरुपयोगी ठरल्यावर भंगारात न जाता विद्यार्थ्यांच्या स्वाधीन झाला. प्लाझ्मा काही सहस्रांश सेकंद टिकतो. तापविण्याला रोहित्रातून येणाऱ्या प्रवाहापलीकडे काही लागत नाही. विद्यार्थी दाब ठरवितात, कळ दाबतात, आलेख घेतात आणि प्लाझ्माचा रोध तापमानाबरोबर कसा कोसळतो ते स्वतः काढून पाहतात; परदेशांतील विद्यार्थीही दुरून हे यंत्र चालवितात. भट्टी म्हणून हा विस्तव अपुरा आहे. प्रयोगशाळेसाठी त्याहून स्वस्त आणि सोपे साधन नाही. आपल्याकडील आदित्य काय, एसएसटी काय, संशोधनसंस्थेच्या कुंपणाच्या आत आहेत. अणुऊर्जा विभागाने आणि विद्यापीठांनी एकत्र येऊन अशी चार-दोन लहान यंत्रे पदव्युत्तर विभागांत बसविली, तर त्यांचा खर्च ईटरमधील आपल्या वाट्याच्या मानाने नगण्य राहील. २०३९ मध्ये कादाराशच्या नियंत्रणकक्षात भारताच्या वतीने जे बसावयाचे, ते आज शाळेत विजेचा धडा वाचीत आहेत.